रसायने तीच, भुकट्या निराळ्या

प्रश्न : मी रसायनशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. मी आणि माझ्या मैत्रिणीने झिंक नायट्रेट व सोडिअम हायड्रॉक्साइडपासून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण तयार केले. तिने अल्कली एकदम ओतली आणि भुकटी ६०० अंश सेल्सिअसला तापवली. मी अल्कली थेंबाथेंबाने घातली आणि भुकटी ३०० अंशांना तापवली. क्ष-किरण विवर्तनात दोन्ही नमुने शुद्ध झिंक ऑक्साइडच निघाले, तरी उन्हात माझ्या भुकटीने मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग लवकर घालवला. असे का व्हावे?

उत्तर : विवर्तनाच्या आलेखातील शिखरांच्या जागा स्फटिकाची रचना सांगतात, कणांविषयी काही कळायचे असेल, तर त्या शिखरांची रुंदी पाहावी लागते. तुमची शिखरे मैत्रिणीच्या शिखरांहून रुंद असतील, तर शेररच्या सूत्रानुसार तुमचे स्फटिक लहान आहेत.

अल्कली एकदम ओतल्यावर द्रावण अतिसंपृक्त होऊन असंख्य स्फटिकबीजे एकाच वेळी तयार होतात, त्यामुळे सुरुवातीला बारीक कण खरे तर मैत्रिणीकडेच असण्याचा संभव अधिक आहे. पण ६०० अंशांना शेजारचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि तो लाभ पुसला जातो. झिंक ऑक्साइडची घनता ५.६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरली, तर २० नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणांच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे ५४ चौरस मीटर भरते. १०० नॅनोमीटरच्या कणांचे ११ चौरस मीटरही भरत नाही. रंगद्रव्याचे विघटन पृष्ठभागावरच होत असल्याने हा फरक निर्णायक ठरू शकतो. कण लहान म्हणून पट्ट-अंतर (प्रकाशाने इलेक्ट्रॉन सुटा होण्यास लागणारी किमान ऊर्जा) बदलले असेल, असा तर्क मात्र करू नये. झिंक ऑक्साइडमध्ये तो परिणाम जेमतेम काही नॅनोमीटरांच्या कणांतच ठळकपणे दिसतो.

तरीही कमी तापमान नेहमीच हितकारक असते असे नाही, कारण अपुऱ्या तापवलेल्या स्फटिकांत उरलेल्या दोषांपाशी प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन व त्यांच्या रिक्त जागा पुन्हा एकत्र येऊन वाया जाऊ शकतात.

सामूची (द्रावण किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे हे सांगणाऱ्या pH ची) नोंद तुम्ही दोघींनीही दिलेली नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत मोठी उणीव आहे. जस्त उभयधर्मी आहे : मध्यम अल्कधर्मी द्रावणात हायड्रॉक्साइडचा साका बसतो, तर अल्कली फार वाढली की तोच साका झिंकेट होऊन विरघळतो आणि ते द्रावण तापवल्यावर त्यातून थेट झिंक ऑक्साइडचे स्फटिक बाहेर पडतात. हे षट्कोनी स्फटिक आपल्या मुख्य अक्षाच्या दिशेने अधिक वेगाने वाढतात, म्हणून अशा द्रावणातून बहुधा कांड्या मिळतात. सायट्रेट घातल्यास ते टोकाच्या पृष्ठांना चिकटून ती वाढ रोखते आणि चकत्या तयार होतात.

तुमच्या प्रयोगात ओतण्याचा वेग आणि तापमान या दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या आहेत, म्हणून श्रेय कोणाचे हे आत्ताच ठरवता येणार नाही. एकाच साक्याचे भाग करून ते ३००, ४५० आणि ६०० अंशांना तापवा. उन्हात ठेवण्यापूर्वी प्रत्येक मिश्रण अर्धा तास अंधारात ढवळा, कारण नुसत्या शोषणानेही रंग फिका होतो. आणि भुकटी न घातलेले मिथिलीन ब्लूचे द्रावणही सोबत उन्हात ठेवा, कारण ते स्वतःच प्रकाशाने काही प्रमाणात फिके पडते.