जळगावात बेस गिटार शिकवणारं कुणी सापडत नाही. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार हाणून वाजवायची पद्धत, घरीच शिकता येईल का?

येईल भाऊ, पण पहिला महिनाभर नुसता अंगठा.

ही पद्धत अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहम यांनी १९६०च्या दशकात रुजवली. आईसोबत वाजवताना ड्रमर नव्हता, म्हणून बेस ड्रमच्या (मोठ्या, खोल आवाजाच्या ड्रमच्या) जागी अंगठ्याचा ठोका आणि स्नेअरच्या (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमच्या) जागी बोटाने ओढलेली तार. म्हणजे स्लॅप हे मुळात तालवाद्यच. आपल्याकडच्या लग्नात ढोलावर पाय थिरकतात ना, तोच कान इथे कामाला येतो.

फ्रेटबोर्ड (बोटं दाबायची लांब पट्टी) संपतो तिथे, शेवटच्या फ्रेटवर (पट्टीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट), अंगठ्याच्या पेराच्या कडेच्या हाडाने तार हाणायची आणि लगेच सुटायचं. जोर हाताचा नाही. कुलपात किल्ली फिरवतो तसं मनगट फिरवायचं. अंगठा तारेवर चिकटून राहिला की आवाज मेला.

मग ऑक्टेव्ह (तोच स्वर, वरच्या सप्तकात): डाव्या हाताने जाड ई तार ३ऱ्या फ्रेटवर दाबून अंगठ्याचा ठोका, डी तार ५व्या फ्रेटवर दाबून उजव्या तर्जनीने ओढणं. मेट्रोनोम (ठोके मोजून देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर. ओढताना तार उपटू नका, नवखे सगळे तेच करतात (मीही केलं, तार तुटली).

खरी मेहनत मात्र डाव्या हाताची. न वाजणाऱ्या तारा त्याच हाताची मोकळी बोटं हलकेच टेकवून गप्प ठेवायच्या, नाहीतर नुसता गोंगाट. यावर कुणी फारसं बोलत नाही.

तारा राउंडवाउंड (गोल तारेचं वेटोळं असलेल्या, खरबरीत) घ्या. आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात घामाने त्या लवकर मंद होतात, वाजवून झालं की फडक्याने पुसा. अंगठ्याला फोड आला तर दोन दिवस सुट्टी.