डिमेन्शिया (विस्मरणाचा आजार) झालेल्या वडिलांना सांभाळायचा खर्च सरकारकडून मिळतो का?

वडिलांकडे बघायला दिवसभराची बाई ठेवलीय, तिचा पगार आयुष्मान कार्डातून मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही मिळणार. सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मानचंच वय वंदना कार्ड काढता येतं आणि त्यावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात, हे खरं. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. पाय मोडला, न्यूमोनिया झाला, तर कार्ड कामाला येतं. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचंही तसंच. डिमेन्शियाचं माणूस बरीच वर्षं खाटेवर नसतंच, ते घरभर हिंडत असतं. खरा खर्च त्याच्या मागे राहणाऱ्या माणसाचा, आणि त्याला या दोन्ही योजनांत जागा नाही.

माझ्या वडिलांना, आप्पांनाही डिमेन्शिया आहे, आणि हेच मी माझ्या दादाला कितीदा सांगितलं असेल. तो डोंबिवलीला असतो, गणपतीला आणि मे महिन्यात गावी येतो. "5 लाखांचं कार्ड आहे ना आप्पांचं, मग पैसे कसले मागतेस?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याला दिसणारे आप्पा म्हणजे आरतीला टाळ घेऊन उभे राहिलेले, सगळी कडवी पाठ असलेले. रात्री दोनला उठून, बोट लागली, आंब्याच्या पेट्या चढवायच्या आहेत, म्हणून कंदील शोधणारे आप्पा त्याने पाहिलेच नाहीत. आमच्या धक्क्याला बोट लागणं बंद होऊन किती वर्षं झाली! मागच्या दाराला मी वरच्या बाजूला कडी लावून घेतली, ती याचसाठी.

अपंगत्वाच्या दाखल्याच्या वेळीही हेच झालं. तो दाखला मात्र तुम्ही काढाच. 2016 च्या दिव्यांग कायद्यात डिमेन्शिया हे नाव वेगळं दिलेलं नाही, पण मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि भान येतं, त्यात तो बसतो. मी आप्पांना घेऊन गेले तर ते धुतलेला सदरा घालून, हात जोडून डॉक्टरांसमोर बसले. पंतप्रधान कोण, बरोबर. मुलं किती, बरोबर. महिना कुठला चाललाय म्हटल्यावर जरा थांबले, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "कलमाक मोहोर इलोहा, म्हणजे पौष लागलो." डॉक्टर खूश. त्याच सकाळी आप्पांनी लेंगा डोक्यातून घालायला घेतला होता, हे मी सांगत होते, पण ऐकायला वेळ कोणाला? अपंगत्वाचे टक्के 40 च्या खाली आले. आणि 40 च्या खाली आलं की त्या कागदाचा फारसा उपयोग नाही.

फेरतपासणीला वही नेली. अपंगत्व मोजायच्या आयडियाज नावाच्या मोजपट्टीवर चार गोष्टी बघतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. त्या चार मथळ्यांखाली रोजचं लिहिलं होतं. अंघोळ कोणी घातली, जेवल्यावर किती वेळाने पुन्हा जेवायला मागितलं, शेजारच्या काकींना कोण समजून शिव्या दिल्या, सगळं. या खेपेला टक्के बसले. म्हणून सांगते, पाहुण्यांसमोर आपलं माणूस शहाण्यासारखं वागणार हे धरूनच चाला आणि रात्रीचं लिहून न्या.

दाखल्यासाठी आणि औषधासाठी मानसोपचार तज्ज्ञ लागतो. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण लोक 'वेड्यांचं इस्पितळ' म्हणून तिथल्या ओपीडीची पायरी चढत नाहीत. त्याऐवजी देवळात गाऱ्हाणं घालतात, कोणी काय केलंय ते विचारत फिरतात. आमच्या आत्याने तेच सुचवलं होतं. देवावर माझीही श्रद्धा आहे, पण बी-12 जीवनसत्त्व आणि थायरॉइडची तपासणी आधी. त्यातलं काही कमी-जास्त असलं तरी विसरायला होतं, आणि ते औषधाने सुधारू शकतं.

महिन्याला हातात काही पडायचं तर 65 नंतर श्रावणबाळ योजना, 1,500 रुपये (दिव्यांगांना 2025 पासून 2,500), अर्ज तहसीलला. वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत दाखवावं लागतं. सातबाऱ्यावर आंब्याची चार कलमं असली की तलाठ्याचा दाखला त्यात बसत नाही. आमचा नाही बसला.

आता दादासारख्या पगारदारांसाठी. आईवडील आपल्यावर अवलंबून असतील आणि दाखला 40 टक्क्यांचा किंवा वर असेल, तर सांभाळणाऱ्याला प्राप्तिकरात उत्पन्नातून 75 हजारांची वजावट मिळते. 80 टक्के किंवा जास्त असतील तर सव्वा लाखाची. फक्त जुनी करप्रणाली घेतलेली हवी, ते सीएला विचारून घ्या. दाखल्यावर टक्के बसल्याचं कळताच दादाचा फोन आला, झेरॉक्स पाठव म्हणून. मी पाठवली नाही. ही वजावट खर्च करणाऱ्यासाठी आहे, लांबून फोन करणाऱ्यासाठी नाही. बाईचा पगार दर महिन्याला त्याच्या खात्यातून थेट तिच्या खात्यात गेला पाहिजे, मग खुशाल सवलत घ्यावी, असं मी त्याला स्पष्ट सांगितलंय. वहिनीला ते पटलंय. तुमच्याकडेही भाऊ असेल तर झेरॉक्स देण्याआधी हे बोलून घ्या.