‘टुरिस्ट व्हिसावर जा, शाळेचे नाव काढू नका’ असे एजन्सी सांगते तेव्हा

प्रश्न: माझी मुलगी १९ वर्षांची आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. टांझानियात मोशीजवळच्या एका खेड्यातील सरकारी प्राथमिक शाळेत जूनमध्ये चार आठवडे स्वयंसेवक म्हणून शिकवायला जाण्यासाठी आम्ही एका एजन्सीकडे १ लाख ६० हजार रुपये भरले. विमानाचे तिकीट अजून काढलेले नाही. आता एजन्सी म्हणते की टुरिस्ट व्हिसा काढू. तिथे विमानतळावर कोणी विचारले तर फिरायला आले एवढेच सांगायचे, शाळेचे नाव काढायचे नाही. तशी त्यांची व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट आहे. आम्हाला हे पटत नाही. पैसे परत मागितले तर ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलेले दाखवतात. वाद झाला तर दिल्लीत लवाद, असेही करारात आहे. मुलीचा मूळ पासपोर्ट त्यांच्याकडेच आहे. काय करावे? – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, आधी पासपोर्ट ताब्यात घ्या. बाकी सगळे त्यानंतर. टांझानियाचा व्हिसा ऑनलाइन काढता येतो आणि अर्जासोबत पासपोर्टची स्कॅन केलेली प्रत जोडायची असते, त्यामुळे मूळ पासपोर्ट ठेवून घेण्याचे एजन्सीला काही कारणच नाही. पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. पैशांच्या वादात तो अडकवून ठेवण्याचा अधिकार खासगी एजन्सीला नाही. मुलीने स्वतःच्या ईमेलवरून ‘तीन दिवसांत पासपोर्ट परत द्या’ असे लिहावे आणि तुम्ही दोघींनी जाऊन तो घेऊन यावा. टाळाटाळ केली तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पासपोर्ट हातात येईपर्यंत पैशांवरून भांडण काढू नका.

आता मूळ मुद्दा. पगार घेत नाही म्हणजे ते काम नाही, असा समज आपल्याकडे सर्रास आहे आणि एजन्सी त्याचाच फायदा घेते. टांझानियाचा कायदा तसे मानत नाही. तिथे परदेशी माणसाच्या रहिवासी परवान्याचे तीन वर्ग आहेत: ‘ए’ गुंतवणूकदार आणि स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी, ‘बी’ नोकरीसाठी, आणि ‘सी’ विद्यार्थी, संशोधक, मिशनरी व स्वयंसेवक यांच्यासाठी. म्हणजे वर्गात उभे राहून विनामोबदला शिकवणाऱ्या तुमच्या मुलीसाठी कायद्यात वेगळी जागा आहे, आणि त्या परवान्याची कागदपत्रे तिथल्या यजमान संस्थेला पुरवावी लागतात. एजन्सीला हे माहीत नसेल, हे मला खरे वाटत नाही. माहीत नसते तर ‘शाळेचे नाव काढू नका’ हे वाक्य तिच्या तोंडी आलेच नसते.

टुरिस्ट व्हिसावर शिकवताना सापडली तर दंड, ताब्यात घेणे, देशाबाहेर काढणे, यांतले काहीही होऊ शकते. मला त्याहून जास्त काळजी पुढच्या वर्षांची वाटते. ब्रिटन, अमेरिका यांसारख्या देशांच्या व्हिसा अर्जात ‘तुम्हाला कधी कोणत्या देशातून काढून लावले आहे का’ या अर्थाचा प्रश्न असतोच. उद्या तिला एम.ए.साठी बाहेर जायचे असेल तर तिथे खरे लिहिले तरी अडचण आणि खोटे लिहिले तर त्याहून मोठी. व्हिसाच्या अर्जावर घोषणा तिच्या नावाने होते, एजन्सीच्या नव्हे. काउंटरवर उत्तर तीच देणार आहे. ‘आम्हाला एजंटने असे सांगायला सांगितले’ हा तिथे बचाव ठरत नाही. प्रवास विम्याचेही तेच: पॉलिसी पर्यटनासाठी घेतली आणि अपघात शाळेच्या आवारात झाला, तर दावा नाकारायला विमा कंपनीला कारण आपणच देतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रातल्या तारखांवरून खटकली. टांझानियात शाळेचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर चालते आणि जूनच्या आसपास सहामाही सुटी असते. त्या चार आठवड्यांत शाळा खरोखर भरणार आहे का, हे एजन्सीला लेखी विचारा. शिवाय तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत शिक्षण स्वाहिलीतून होते. इंग्रजी माध्यम माध्यमिकपासून सुरू होते. स्वाहिली न येणाऱ्या मुलीला दुसरीच्या वर्गात नेमके काय शिकवायला लावणार, हा त्या मुलांच्याही हिताचा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे, किंवा त्यांवरचे मौन, पुढे तुमच्या तक्रारीत कामाला येईल.

पैशांबद्दल तुमची बाजू भक्कम आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १८ व १९ प्रमाणे चुकीची माहिती देऊन मिळवलेली संमती असेल, तर तो करार रद्द करण्याचा हक्क फसलेल्या पक्षाला असतो. पैसे घेताना कायदेशीर स्वयंसेवेचा कार्यक्रम सांगितला आणि नंतर खोटे बोलून देशात शिरायला सांगितले, हे त्यात बसते. ‘नॉन-रिफंडेबल’ या शब्दाला घाबरू नका. कलम ७४ नुसार करार मोडल्याबद्दल रक्कम ठरलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि इथे करार तुम्ही मोडलेलाच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ही सेवेतील त्रुटीही आहे आणि अनुचित व्यापारी प्रथाही. एकतर्फी अटी ग्राहकावर बांधील राहत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पायोनिअर अर्बन विरुद्ध गोविंदन राघवन या निकालात सांगितले आहे. तो खटला घराच्या ताब्याचा होता, पण तत्त्व तुमच्याही कामाचे.

दिल्लीच्या लवादाचे, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या लवादाकडून निवाडा करून घेण्याचे, कलमही आड येत नाही. लवादाचा करार असला तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात २०१८ मध्ये पक्के झाले. आणि २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्ही साताऱ्यातच दाद मागू शकता. सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते आणि वकील लावणे सक्तीचे नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, पण इतके थांबू नका.

त्याआधी नोटीस पाठवा. स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही. त्यात रक्कम, भरल्याची तारीख, व्हॉइस नोटमधले शब्द जसेच्या तसे, करार रद्द केल्याचे स्पष्ट वाक्य आणि परताव्यासाठी १५ दिवसांची मुदत असू द्या. एजन्सी ‘यजमान संस्थेला पैसे पुढे पाठवले’ असे म्हणण्याची शक्यता मोठी आहे. तर मग त्याच्या पावत्या मागा. खरोखर काही खर्च झाल्याचे सिद्ध केले तर आयोग थोडी रक्कम वजा करू शकतो, हेही मनात धरून चला. तडजोडीची बोलणी झाली तर ‘कोणतीही तक्रार उरलेली नाही’ अशा कागदावर पैसे खात्यात जमा होण्याआधी सही करू नका.

त्या व्हॉइस नोटवर बरेच काही अवलंबून आहे. ज्या फोनवर ती आली तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, ते चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. ते कसे करायचे हे तालुक्याच्या कोर्टातला कोणताही वकील सांगेल. फसवणुकीची फौजदारी तक्रारही करता येते, पण माझा सल्ला आधी नोटीस, मग आयोग असा आहे. पैसे परत मिळवण्याचा तो जवळचा रस्ता आहे.

मुलीचा जाण्याचा हट्ट असेल तर तो मोडू नका. परक्या देशातल्या खेड्यात जाऊन शिकवावेसे वाटणे ही चांगली इच्छा आहे आणि ती कायद्याने पुरी होऊ शकते. तिथली नोंदणीकृत संस्था तिच्या नावाने ‘सी’ वर्गाच्या परवान्याची प्रक्रिया करते का, शाळेचे आणि स्थानिक शिक्षण कार्यालयाचे पत्र देते का, हे थेट त्या संस्थेला विचारा, आणि सध्याचे नियम नवी दिल्लीतील टांझानियाच्या उच्चायुक्तालयाकडून लेखी पडताळा. लहान मुलांमध्ये काम करणार म्हणून जी संस्था पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र मागते, ती बहुधा नीट काम करणारी असते. हे प्रमाणपत्र पासपोर्ट सेवेतून मिळते. काहीही न विचारता फक्त पैसे मागणारी संस्था टाळा. जायचे ठरले तर दार-एस-सलाममधील भारतीय उच्चायुक्तालयाचा आपत्कालीन क्रमांक तिच्या आणि तुमच्या, दोघींच्या फोनमध्ये असू द्या.

शेवटची एक तांत्रिक बाब. पैसे तुमच्या खात्यातून गेले, सेवा मुलीसाठी होती आणि ती सज्ञान आहे. म्हणून नोटीस आणि तक्रार दोघींच्या नावाने करा, आणि सहीसुद्धा दोघींची घ्या.