कार्पोव्ह-कास्पारोव्ह: सुरुवात कुठून करावी

कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांच्या बुद्धिबळ जगज्जेतेपदाच्या लढती बघायच्या तर १९८४ च्या सामन्यापासून सुरुवात करू नकोस. ४८ डावांतले ४० बरोबरीत सुटलेत, कंटाळशील.

आधी १९८५ चा १६ वा डाव घे. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कास्पारोव्हचा घोडा डी३ या घरात, म्हणजे कार्पोव्हच्याच गोटात, असा ठाण मांडून बसतो की कार्पोव्हचे हत्ती असून नसल्यासारखे! मग १९८७ चा सेव्हियाचा (स्पेन) २४ वा, म्हणजे शेवटचा डाव. कास्पारोव्हला जिंकणं भागच होतं, तरी घाई नाही.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:
- लगेच इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) लावतात. आधी चाल झाकून स्वतः ओळख.
- ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करतात. सध्या गरज नाही.
- कार्पोव्हला नुसता ‘हरणारा’ समजतात. १९८४ चा ९ वा डाव बघ, अंत्यपर्वात (मोजकी मोहरी उरल्यावर) घोड्याला वाट मिळावी म्हणून तो खुशाल प्यादं सोडतो.