भिंतीवरची खिडकी

प्रश्न : ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या जुन्या पोर्तुगीज किल्ल्यात आहे, त्याच्याजवळच माझे बालपण गेले. त्या तटाकडे पाहून आतून कोणी कसे निसटेल याच्या कल्पना मी पुष्कळ रंगवल्या. म्हणूनच अमेरिकी दिग्दर्शक जिम जारमुश यांचा ‘डाउन बाय लॉ’ (१९८६) हा चित्रपट उत्सुकतेने पाहिला. एकमेकांशी मुळीच न पटणारे तीन कैदी लुइझियानातील तुरुंगातून पळतात, पण पळण्याची युक्ती कोठेच दाखवलेली नाही. ही पैशांची काटकसर समजावी की दिग्दर्शकाने दिलेली हुलकावणी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हुलकावणीच, पण तिची सूचना चित्रपट तुरुंगातच देऊन ठेवतो. मोडके इंग्रजी बोलणारा इटालियन बॉब (रोबेर्तो बेनिन्यी) कोठडीच्या भिंतीवर एक खिडकी रेखाटतो आणि कोठडीतल्या जोडीदाराला, जॅकला, विचारतो की, इंग्रजीत ‘खिडकीकडे पाहणे’ म्हणतात की ‘खिडकीतून पाहणे’. या खिडकीच्या बाबतीत ‘कडे’च म्हणावे लागेल, असे उत्तर त्याला मिळते. (एवढ्याशा शब्दावर उभा असलेला हा विनोद मराठीत जसाच्या तसा उतरतो, याचा मला फार आनंद झाला.)

भिंत कशी ओलांडली यापेक्षा भिंतीआड एकत्र कोंबलेल्या तिघांचे आपसांत कसे जमते, याचेच कुतूहल जारमुश यांना अधिक आहे. रेडिओवरचा निवेदक झॅक (टॉम वेट्स) आणि वेश्यांचा दलाल जॅक (जॉन लुरी) हे दुसऱ्यांनी रचलेल्या कटात सापडून आत आलेले, म्हणून सदैव घुश्शात; खरोखर माणूस मारला आहे तो बिलियर्डचा चेंडू फेकून बॉबने, आणि तिघांत निर्मळ, आनंदी असा तोच एकटा.

सुटल्यावर तरी काय बदलते? दलदलीत भटकत तिघे एका ओसाड खोपटात शिरतात, तर तेथेही कोठडीसारखेच एकावर एक फळ्यांचे पलंग! रॉबी म्युलर यांचे कृष्णधवल छायाचित्रण तर तुरुंग आणि रान दोन्ही सारख्याच निवांत नजरेने पाहते. युक्ती दाखवली असती, तर आपण तिला दाद देऊन मोकळे झालो असतो आणि ते पलंग बहुधा आपल्या नजरेतून सुटले असते.

पुन्हा पाहाल तेव्हा शेवटच्या फाट्यावर थोडे थांबा : एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसलेले झॅक आणि जॅक तेथे अंगावरचे कोट अदलाबदल करतात, आणि मगच दोन वाटांनी चालू लागतात.