कॅनडात दारू पिऊन गाडी चालवल्याच्या गुन्ह्यामुळे पीआर जातो का?

तुम्ही लिहिलंय की भाचा ब्रॅम्प्टनला पीआरवर (म्हणजे नागरिकत्व नाही, पण कायम राहण्याचा हक्क) आहे, पार्टीवरून परतताना पोलिसांनी धरला, आणि त्याचा वकील म्हणतो, 'गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो.' फौजदारी कोर्टातून मोकळा होईल, पण इमिग्रेशनचं झेंगट तिथूनच मागे लागेल. मी टोरोंटोत इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात काम करते. असे दंड भरून 'मोकळे' झालेले लोक आमच्याकडे बरेच येतात.

मेख अशी आहे की प्रत्यक्षात शिक्षा किती झाली यावर सगळं अवलंबून नाही. त्या गुन्ह्याला कायद्यात कमाल शिक्षा 10 वर्षं किंवा त्याहून जास्त असेल, तर तो इमिग्रेशनच्या लेखी 'गंभीर' गुन्हा, आणि पीआर असला तरी देशाबाहेर काढता येतं. दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा आधी 5 वर्षं होती, 18 डिसेंबर 2018 पासून ती 10 झाली. त्यामुळे पहिल्या गुन्ह्याचा किमान 1,000 डॉलर दंड भरणाराही त्यात सापडतो. किमान दंड ठरलेला असल्याने न्यायाधीशाला 'डिस्चार्ज' देऊन, म्हणजे दोषी ठरल्याची नोंद न करता, सोडताही येत नाही.

पण लगेच हातपाय गाळू नका. नुसता दंड झालेल्या पीआरधारकाला हद्दपारीच्या आदेशावर अपील करता येतं. तिथे कुटुंब, नोकरी, पश्चात्ताप, सगळं बघतात. हे अपील जातं ते तुरुंगवास सहा महिने किंवा जास्त झाला की. ही मर्यादा आधी दोन वर्षांची होती. 2013 मध्ये 'परदेशी गुन्हेगारांना' लवकर हाकलण्यासाठी कायदा आला आणि ती खाली आली. (परदेशी कसले! चार वर्षांचे असताना आलेले, पण नागरिकत्व घ्यायचं राहून गेलेलेही यात भरडले जातात.) म्हणून इथले वकील 'सहा महिन्यांना एक दिवस कमी' अशी शिक्षा मागतात. इमिग्रेशनवरचा परिणाम शिक्षा ठरवताना विचारात घेता येतो, असं कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने 2013 च्या फाम खटल्यात सांगितलंय. तिथे दोन वर्षांच्या शिक्षेतून एकच दिवस कमी केला होता, निव्वळ अपीलचा हक्क शाबूत राहावा म्हणून. अर्थात गुन्ह्याला न शोभणारी शिक्षा कोणी देणार नाही.

स्टडी परमिट किंवा वर्क परमिटवर असलेल्यांना हे अपीलही नाही.

आता भाच्याचं. कबुली देण्याआधी फौजदारी वकिलाला स्वच्छ सांगायचं की मी नागरिक नाही, आणि इमिग्रेशन वकिलाचं मत लेखी मागवायचं. पुरावा कच्चा असेल तर सरकारी वकील कधी कधी 'केअरलेस ड्रायव्हिंग'वर तडजोड करतात. तो ऑन्टारियोच्या वाहतूक कायद्यातला, प्रांताचा गुन्हा, त्यावरून पीआरला धक्का लागत नाही. आणि दोषी ठरलाच, तर पुढे बॉर्डर एजन्सीचं पत्र येऊ शकतं: तुमच्याविरुद्ध हद्दपारीसाठी अहवाल का पाठवू नये, याचं उत्तर द्या. लोक घाबरून ते ड्रॉवरमध्ये टाकतात. खरं तर अधिकारी इथेच प्रकरण ताकीद देऊन मिटवू शकतो, त्यामुळे मालकाचं पत्र, टॅक्सचे कागद, मुलांच्या शाळेचा दाखला, व्यसनमुक्तीच्या कोर्सचं सर्टिफिकेट, सगळं मुदतीत जोडायचं. कबुलीची तारीख जवळ आली असेल तर वकिलाला आजच फोन करून पुढची तारीख मागायला लावा.