दवाखान्यात नंबर येईपर्यंत पेशंटना आरोग्याची माहिती कशी द्यावी?

टीव्हीवर मालिका लावण्यापेक्षा बोलणारं माणूस ठेवा. सोलापुरात पूर्व भागातल्या कितीतरी विडी कामगार बायकांना तेलुगू जवळची, अक्कलकोटकडच्यांना कन्नड. म्हणून फलक तिन्ही भाषांत हवा, अक्षर मोठं. एका दिवशी एकच विषय. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. तंबाखूच्या धुळीत दिवस काढणाऱ्या बाईला तर हे कळायलाच हवं. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं शांत बसायचं, हे बाकावरच करून घेता येतं. सांगून झाल्यावर सिस्टरनं विचारावं, "मावशी, घरी सुनेला काय सांगाल?" नुसत्या मान डोलावण्यावर जाऊ नका.